एक किल्ला, एक झोंपडी आणि एक भाषा

श्रोतेहो, आयुष्याचीं छत्तीस वर्षें मीं खेड्यांतील शाळेंत इतिहास शिकविला. किल्ला कोणीं बांधिला, कोणत्या सालीं पडला, तह कोणाचा झाला, हेच प्रश्न मीं मुलांना विचारले आणि त्यांचींच उत्तरें घोकून घेतलीं. एकदां एका मुलानें उलट विचारलें, "मास्तर, किल्ल्याच्या पायथ्याशीं राहणारीं माणसें त्या वेळीं काय करीत होतीं?" "तें परीक्षेंत येत नाहीं," असें म्हणून मीं त्याला खालीं बसविलें. मुलगा बसला, प्रश्न मात्र माझ्या मनांत उभाच राहिला. त्याचें उत्तर मला निवृत्त झाल्यानंतर मिळालें, आणि तेंहि सातासमुद्रांपलीकडील एका लहानशा वाडीनें दिलें. त्या वाडीची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

ब्रिटनच्या पश्चिमेस वेल्स हा डोंगराळ देश आहे. त्याच्या वायव्य भागांत कादर इद्रिस नांवाचा 893 मीटर उंचीचा पर्वत उभा आहे. इद्रिस हा दंतकथेंतील एक राक्षसकाय पुरुष, आणि हा पर्वत म्हणजे त्याची बैठक, अशी तेथील लोकांची समजूत. या पर्वताच्या पायथ्याशीं दसन्नी नदीच्या खोऱ्यांत लान्विहांगेल-अ-पेनांत ही वाडी वसली आहे. नांव लांबलचक असलें तरी अर्थ सरळ आहे : दरीच्या माथ्याशीं असलेलें देवदूत मायकेलचें चर्च. एक जुनें दगडी चर्च, कांहीं थोडीं घरें आणि सभोंवार मेंढ्यांचीं कुरणें, एवढाच या वाडीचा पसारा. मुलाकडे इंग्लंडास गेलों असतां हें स्थळ पाहण्याचा योग मला आला.

समुद्राकडून खोऱ्यांत शिरतांना प्रथम दृष्टीस पडतो तो एक उंच तुटलेला कडा. त्याला वेल्श भाषेंत 'क्रैग अर अदेरिन', म्हणजे पक्ष्याचा खडक, असें म्हणतात. त्यावर पाणकावळ्यांचीं घरटीं असतात. हा पक्षी तेथें एरवीं समुद्रकांठच्या कड्यांवर घरटीं करतो. परंतु समुद्र तर या कड्यापासून सुमारें तीन कोस दूर आहे. फार प्राचीन काळीं भरतीचें पाणी या कड्यापर्यंत येत असे, पुढें तें हटलें आणि त्या जागीं कुरणें झालीं, असें मानतात. समुद्र गेला, पण पक्ष्यांनीं जागा सोडिली नाहीं. ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. तिचें मर्म पुढें कळेल.

वाडीच्या अलीकडेच एका लांबट खडकावर 'कास्तेल अ बेरे' या किल्ल्याचे अवशेष आहेत. वेल्श इतिहासांत थोरला म्हणून गाजलेल्या लिवेलिन राजानें 1221 सालीं हा मुलूख आपल्याच ग्रिफिद नांवाच्या मुलाकडून काढून घेतला आणि त्याच्या बंदोबस्तासाठीं येथें किल्ला बांधावयास घेतला. बाहेरच्या बाजूस अर्धगोल आणि आंतून सपाट अशा बुरुजांची वेल्श धाटणी येथें पहावयास मिळते. खडक खोदून केलेले खंदक आणि आंतील विहीरहि दिसते. पुढें याच ग्रिफिदचा मुलगा, दुसरा लिवेलिन, वेल्सचा शेवटचा स्वतंत्र राजा झाला. 11 डिसेंबर 1282 रोजीं तो लढाईंत पडला. त्याचा भाऊ दाविद यानें झगडा चालविला. परंतु 25 एप्रिल 1283 रोजीं हा किल्ला इंग्रजांच्या स्वाधीन झाला, दाविद पकडला गेला आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत त्याला देहांताची क्रूर शिक्षा झाली. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड यानें 1284 सालीं किल्ल्याशेजारीं नगर वसविण्याची सनद दिली. पण तें नगर कांहीं भरभराटीस आलें नाहीं. 1294 सालीं वेल्श लोकांनीं पुन्हां बंड केलें, त्यानंतर किल्ला ओस पडला तो कायमचाच. म्हणजे एवढ्या मजबूत दुर्गाचें उणेंपुरें पाऊणशें वर्षांचें आयुष्य! माझ्या जुन्या पद्धतीप्रमाणें येथें धडा संपला असता.

परंतु वाडीपासून थोड्याच अंतरावर, ओढ्यावरील पुलाजवळ, दुसरे एक पडीक अवशेष आहेत. छप्पर नाहीं, जेमतेम उभ्या असलेल्या दगडी भिंती, आणि त्यांच्या मधोमध 1907 सालीं उभारलेला एक स्मारकस्तंभ. या घराचें नांव तिन-अ-दोल. येथें एका विणकराची मुलगी राहत होती. तिचें नांव मेरी जोन्स, जन्म 16 डिसेंबर 1784. ती चार वर्षांची असतांना बाप वारला. मायलेकींनीं कष्ट करून दिवस काढिले. त्या काळीं वेल्समध्यें फिरत्या शाळा असत. शिक्षक एका गांवीं कांहीं महिने राहून लोकांना त्यांच्याच भाषेंत वाचावयास शिकवी आणि पुढच्या गांवीं जाई. असली एक शाळा शेजारच्या अबरगनोल्विन गांवीं भरली, आणि ही मुलगी तेथें वाचावयास शिकली.

वाचतां आलें, पण वाचावयास पुस्तक नव्हतें! वेल्श भाषेंत संपूर्ण बायबल 1588 सालींच छापलें गेलें होतें. परंतु प्रती थोड्या आणि गरिबाला न परवडणाऱ्या. मेरीनें सहा वर्षें पैसा पैसा सांठविला आणि 1800 सालीं, वयाच्या सोळाव्या वर्षीं, ती बाला नांवाच्या गांवीं थॉमस चार्ल्स या धर्मोपदेशकाकडे बायबल विकत घेण्यासाठीं डोंगर ओलांडून पायीं गेली. अंतर सुमारें 25 मैल. ती अनवाणी गेली असें सांगतात. या गोष्टीचे तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात. पण इतिहासाच्या विद्यार्थ्यानें पुरावा पाहावा. तो पुरावा म्हणजे तें बायबलच. तें आज केंब्रिजच्या विद्यापीठ-ग्रंथालयांत जपून ठेविलें आहे, आणि आपल्या वयाच्या सोळाव्या वर्षीं आपण तें विकत घेतल्याचें तिनें स्वतःच्या हातानें त्यांत लिहून ठेविलें आहे.

पुस्तकांचा हा दुष्काळ थॉमस चार्ल्सनें लंडनच्या मंडळींपुढें मांडिला. तेव्हां एकानें सुचविलें कीं, पुस्तकें वेल्सकरितां छापावयाचीं, तर साऱ्या जगाकरितां कां छापूं नयेत? त्यांतून 1804 सालीं ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटी स्थापन झाली, आणि नाना देशांच्या भाषांत पुस्तकें छापण्याचें काम सुरू झालें. 1813 सालीं तिची शाखा मुंबईसहि निघाली. धर्ममताचा प्रश्न आपण बाजूस ठेवूं. गरीब माणसाला स्वभाषेंत वाचावयास मिळालें पाहिजे, हा विचार त्या मागणीच्या मुळाशीं होता, आणि माझ्यासारख्या शिक्षकाला त्याचेंच मोल अधिक वाटतें.

याच खोऱ्याचा आणखी एक वारसा सांगितल्यावांचून राहवत नाहीं. अबरगनोल्विनजवळ पाटीच्या दगडाची खाण होती. तो दगड समुद्राकांठच्या तविन गांवीं नेण्यासाठीं 1865 सालीं तालिलिन नांवाची अरुंद रुळांची रेल्वे घातली. खाण 1946 सालीं बंद पडली, रेल्वेहि मोडीत निघावयाची. तोंच कांहीं हौशी माणसें पुढें आलीं आणि 1951 सालापासून विनावेतन काम करून त्यांनीं ती चालूं ठेविली. स्वयंसेवकांनीं अशा रीतीनें वांचविलेली जगांतील ही पहिली रेल्वे होय.

आतां भाषेची गोष्ट. 1536 च्या कायद्यानें वेल्श भाषेला न्यायकचेऱ्यांतून बाहेर काढिलें. 1847 सालीं वेल्समधील शिक्षणाची चौकशी ज्या तीन इंग्रज अधिकाऱ्यांनीं केली, त्यांना वेल्श येत नव्हतें. तरी त्यांनीं ती भाषा प्रगतीच्या आड येते असा निकाल दिला. कित्येक शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यांत लांकडाचा तुकडा अडकवीत असत. हें वाचतांना मला माझ्या वर्गांतील बांकें आठवलीं. गांवच्या बोलींत उत्तर देणाऱ्या मुलांना मींहि हंसलों होतों. असें असतांहि भाषा मेली नाहीं. 2011 च्या कायद्यानें तिला वेल्समध्यें राजभाषेचा दर्जा मिळाला. मात्र धोका टळला असें म्हणतां येणार नाहीं. 1891 सालीं वेल्समधील निम्म्याहून अधिक लोक ती बोलत. 2021 च्या शिरगणतींत हें प्रमाण शेंकडा 18 च्या आंत आलें आहे. जी राज्य गेल्यावर टिकली, ती सुखसोयींच्या काळांत टिकेल कीं नाहीं, हें त्या लोकांनाच ठरवावयाचें आहे.

श्रोतेहो, त्या ओढ्यावरून परततांना एका बाजूस राजाचा किल्ला होता व दुसऱ्या बाजूस विणकराची झोंपडी. दोन्हीहि पडलेलीं आहेत. परंतु किल्ल्यानें जें राखावयाचें तें राज्य पाऊणशें वर्षांच्या आंत गेलें, आणि झोंपडींत जी भाषा वाचली जात होती ती आजहि त्या दरींत ऐकूं येते. समुद्र हटला तरी कडा न सोडणाऱ्या पाणकावळ्यांची आठवण मला तेथें झाली. किल्ल्याच्या पायथ्याशीं राहणारीं माणसें काय करीत होतीं? तीं विणीत होतीं, मेंढ्या राखीत होतीं, आणि आपली बोली मुलांच्या तोंडीं घालीत होतीं. इतिहास राखण्याचें काम तेंच होतें.

माझा तो विद्यार्थी आज कोठें आहे मला ठाऊक नाहीं. कदाचित् तोहि हें भाषण ऐकत असेल. तसें असेल तर त्याला एवढेंच सांगतों : बाळ, तुझा प्रश्न बरोबर होता, परीक्षाच चुकीची होती.