चांद्याचा मुधोजी भोसले आणि बाह्य सत्तांचा हस्तक्षेप (१७७२ ते १७८२)

प्रस्तावना

एखाद्या राज्यात वारसाहक्कावरून यादवी सुरू झाली म्हणजे कोणत्या पक्षास मान्यता द्यावी, याचा विचार शेजारच्या सत्ता करू लागतात. हा विचार प्रामुख्याने रणांगणावरील बलाबल पाहून होतो, असा सर्वसाधारण समज आहे. नागपूरकर भोसल्यांच्या यादवीचा अभ्यास केल्यास मात्र निराळे चित्र दिसते. मान्यतेचा निर्णय यादवीत गुंतलेल्या पक्षांपेक्षा हस्तक्षेप करणाऱ्या दरबारातील अंतर्गत स्थितीवर अधिक अवलंबून होता. चांद्याचा अधिपती मुधोजी भोसले याच्या अनुभवाच्या आधारे प्रस्तुत लेखात या मुद्द्याचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

१७५१ मध्ये चांद्याचे गोंड राज्य पूर्णपणे भोसल्यांच्या ताब्यात आले. १७५५ मध्ये पहिला रघुजी मरण पावल्यानंतर त्याच्या पुत्रांत वाद उत्पन्न झाला. पेशव्याच्या मध्यस्थीने जानोजीस सेनासाहेबसुभा हे पद, तर मुधोजीस चांदा मिळाले. भोसल्यांचे पद सातारच्या छत्रपतींकडून आलेले असल्यामुळे पुणे दरबार त्यांना सर्वस्वी परका नव्हता. परंतु नागपूरचा कारभार, सैन्य व मुलूखगिरी स्वतंत्र होती. १७६९ मध्ये पेशवा माधवरावाने जानोजीवर स्वारी करून चांद्याच्या किल्ल्यास वेढा दिला. त्याच वर्षीच्या कनकापूरच्या तहाने जानोजीच्या सैन्यावर व परदरबारांशी असलेल्या व्यवहारांवर निर्बंध आले. दोन स्वतंत्र दरबारांमध्ये व्हावा, तसाच हा तह होता.

यादवी आणि बदलती मान्यता

१७७२ मध्ये जानोजी निपुत्रिक मरण पावला. मुधोजीचा पुत्र रघुजी यास दत्तक घेण्याचे त्याने ठरविले होते. तथापि जानोजीचा दुसरा भाऊ साबाजी याने सेनासाहेबसुभा पदावर हक्क सांगितला व जानोजीची पत्नी दर्याबाई हिने आरंभी त्याचा पक्ष घेतला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये माधवराव पेशवा मरण पावला आणि नवा पेशवा नारायणराव याने साबाजीस मान्यता दिली. वऱ्हाडात कुंभारी येथे दोन्ही भावांची लढाई होऊनही निर्णय लागला नाही.

३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावाचा खून झाला व राघोबादादा पेशवा झाला. त्याबरोबर मुधोजीचे पारडे जड झाले. पुढे बारभाईंनी राघोबाविरुद्ध कारस्थान उभारले, तेव्हा साबाजी व निजाम अली हे दोघे बारभाईंच्या बाजूस गेले, तर मुधोजी राघोबाच्या पक्षात राहिला. दोन वर्षांच्या आत पुण्याची मान्यता अशी फिरत राहिली. या काळात साबाजीचा किंवा मुधोजीचा मूळ हक्क बदललेला नव्हता. बदलला होता तो पुण्याचा कारभारी.

या प्रश्नाचा निकाल अखेर कोणत्याही दरबारात लागला नाही. २६ जानेवारी १७७५ रोजी नागपूरजवळ पाचगाव येथे लढाई झाली. विजय हाती आल्याच्या समजुतीने साबाजीने आपला हत्ती मुधोजीच्या दिशेने पुढे घातला आणि मुधोजीच्या हातून गोळी लागून तो ठार झाला. तरीही हस्तक्षेपाची किंमत चुकली नाही. निजामाचा सरदार इब्राहिम बेग धौंसा चालून आला, तेव्हा गाविलगड व नरनाळा हे किल्ले देण्याचे कबूल करून मुधोजीस समेट करावा लागला.

कलकत्त्याचा विचार

भोसल्यांची यादवी संपत असतानाच पुण्याच्या यादवीत खरीखुरी परकी सत्ता उतरली. मार्च १७७५ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी राघोबाशी सुरतेचा तह केला. १७७३ च्या नियामक कायद्याने युद्ध व तह यांबाबत मुंबईवर कलकत्त्याचे नियंत्रण आले होते. कलकत्ता कौन्सिलने हा तह अमान्य केला आणि कर्नल अप्टन यास पाठवून १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह केला. या वेळी कौन्सिलमध्ये क्लेव्हरिंग, मॉन्सन व फ्रान्सिस यांचे बहुमत होते. १७७६ मध्ये मॉन्सन व १७७७ मध्ये क्लेव्हरिंग मरण पावल्यावर वॉरन हेस्टिंग्जच्या हाती बहुमत आले आणि कलकत्त्याचे धोरण पुन्हा हस्तक्षेपाकडे वळले. जे पुण्यात घडले, तेच कलकत्त्यातही घडले.

हेस्टिंग्जच्या नव्या योजनेत मुधोजीस महत्त्वाचे स्थान होते. डिसेंबर १७७७ मध्ये सातारचा रामराजा मरण पावला होता. भोसले कुळातील मुधोजीस सातारच्या गादीचे आमिष दाखवून पुण्याविरुद्ध उभे करावे, या हेतूने १७७८ मध्ये अलेक्झांडर इलियट यास नागपूरकडे पाठविण्यात आले. इलियट सप्टेंबरमध्ये वाटेतच मरण पावला. पुढे कर्नल गॉडर्डमार्फत बोलणी चालू राहिली; परंतु मुधोजीने करार केला नाही. त्याने गॉडर्डच्या सैन्याची वाटही अडविली नाही. पुढे इंग्रजांविरुद्धच्या चौकडीत सामील होऊन त्याने पुत्र चिमणाजी यास बंगालच्या रोखाने पाठविले खरे; पण ती फौज कटकच्या परिसरात रेंगाळली व अखेर इंग्रजांकडून द्रव्य घेऊन स्वस्थ राहिली.

मुधोजीच्या या वर्तनास दुटप्पीपणा म्हणणे सोपे आहे, आणि त्यात द्रव्यलोभ नव्हता असेही म्हणता येत नाही. परंतु ज्याने एका पदाची मान्यता दोन वर्षांत इकडून तिकडे गेलेली पाहिली, त्याने दूरच्या कौन्सिलच्या वचनावर आपले राज्य पणास लावले नाही, असाही या वर्तनाचा अर्थ लावता येतो. ज्या बहुमतावर ते वचन उभे होते, ते दोन माणसांच्या मृत्यूने तयार झाले होते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, यादवीतील बाह्य हस्तक्षेपाचा विचार करताना केवळ लढणाऱ्या पक्षांचे बलाबल पाहणे पुरेसे नाही. मान्यता देणारा दरबार स्वतः दुभंगलेला असेल, तर त्याची मान्यता यादवी मिटवीत नाही. उलट पराभूत पक्षाची आशा जिवंत ठेवून ती लांबविते. पुण्याच्या कलहाने नागपूरची यादवी लांबली आणि कलकत्त्याच्या कलहाने पुण्याची. १७ मे १७८२ रोजी महादजी शिंद्याच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला, तेव्हा इंग्रजांनी राघोबाचा पक्ष सोडला. सात वर्षांच्या युद्धानंतर कलकत्ता पुरंदरच्या तहाच्याच मुक्कामी परत आले होते.