टरेट फिरत नाही, तो रणगाडा कसला?

मंडळी, गेल्या वीकेंडला नागपूरच्या उकाड्यात घरी बसून, टेबलावरच्या युद्धखेळासाठी सेंच्युरियन रणगाड्याचं प्लॅस्टिक मॉडेल जोडलं. नवशिक्याच्या सगळ्या चुका केल्या. सुटे भाग कटरने न कापता पिळून तोडले, आधी कोरडे बसवून पाहिले नाहीत, आणि टरेटखाली इतका गोंद ओतला की तोफेसकट ते कायमचं चिकटलं.

म्हटलं, काय बिघडतं? मग १९६५ आठवलं. पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तर, ८ ते १० सप्टेंबर. थर्ड कॅव्हलरीचे सेंच्युरियन आणि डेक्कन हॉर्सचे जुने शर्मन उसाच्या शेतांत, घोड्याच्या नालेसारखी रांग करून दबा धरून होते. पाकिस्तानचे पॅटन पुढे आले आणि पाणी सोडलेल्या शेतांत रुतले. लपलेला रणगाडा हलला की दिसतो, म्हणून गाडी जागेवर ठेवून नुसतं टरेट वळवायचं आणि नेम धरायचा. भारतीय हिशेबानुसार शत्रूने तिथे ९७ रणगाडे गमावले. माझा सेंच्युरियन मात्र त्या उसात पहिल्याच गोळ्याला बळी पडला असता.

असो. अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) रणगाडा संग्रहालयात एकदा जाऊन या. आणि टरेटला गोंद लावू नका, नुसतं बसवा!