स्वस्त बास गिटार आणि खर्जाचा प्रवास : भोकर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

मराठवाड्याच्या सांगीतिक इतिहासाचे लेखन आजवर मुख्यतः संतपरंपरा, शाहिरी, लोककला आणि शास्त्रीय संगीत या अंगांनी झाले आहे. वाद्य कोठून आले, त्याची किंमत काय होती, ते कोणाच्या मालकीचे होते आणि ते वाजविण्यासाठी आणखी कशाकशाची गरज होती, हे प्रश्न या लेखनात अभावानेच आढळतात. विद्युत बास गिटार हे वाद्य या दृष्टीने उद्बोधक आहे. चार जाड तारा, लांब दांडी आणि विजेवाचून जवळजवळ मुके असे हे वाद्य रॉक संगीताचा पाया सांभाळते. श्रोत्याचे लक्ष त्याच्याकडे क्वचितच जाते; मात्र ते थांबले की गाणे पोकळ वाटू लागते.

भोकर हे नांदेड जिल्ह्यातील तेलंगण सीमेलगतच्या तालुक्याचे ठिकाण असून मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावर वसले आहे. रॉक संगीताचे केंद्र असे या गावाचे वर्णन कोणी करणार नाही, आणि नेमक्या याच कारणासाठी ते येथे विचारात घेतले आहे. एखादे वाद्य जेथे पोहोचले तेथील इतिहास लिहिणे सोपे असते. ते जेथे उशिरा पोहोचले, किंवा पोहोचूनही रुजले नाही, तेथील इतिहास त्या वाद्याविषयी आणि त्या समाजाविषयी अधिक काही सांगून जातो.

वाद्याचा जन्म आणि परवडण्याचा प्रश्न

अमेरिकेतील सिएटल येथे पॉल टुटमार्क यांनी १९३० च्या दशकात विजेवर चालणारे पडदेयुक्त बास वाद्य तयार केले होते. परंतु त्याचा प्रसार झाला नाही. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये 'प्रिसिजन बास' बाजारात आणल्यानंतर या वाद्याचे रूप स्थिरावले. तोपर्यंत खर्जाचे काम माणसाच्या उंचीएवढ्या डबल बासकडे होते. ते वाहून नेणे कष्टाचे आणि ढोलांच्या गजरात ऐकू येणे कठीण. शिवाय त्याच्या दांडीवर पडदे नसल्याने नेमका स्वर लागण्यास वर्षानुवर्षांची साधना लागे. फेंडर यांच्या वाद्यात पडदे होते. त्यामुळे साधारण गिटारवादकालाही ते थोड्या सरावाने वाजविता येऊ लागले.

मात्र सोपे वाद्य म्हणजे स्वस्त वाद्य नव्हे. अमेरिकेत त्याची आरंभीची किंमत २०० डॉलरच्या आसपास होती. ब्रिटनने १९५१ ते १९५९ या काळात अमेरिकी वाद्यांच्या आयातीवर निर्बंध घातले होते, आणि ते उठल्यानंतरही ही वाद्ये तेथील तरुणांच्या आवाक्याबाहेरच राहिली. १९६१ मध्ये हँबर्ग येथे पॉल मॅकार्टनी यांनी सुमारे ३० पौंडांना जर्मन बनावटीची हॉफनर बास घेतली, कारण सुमारे १०० पौंडांची फेंडर घेणे त्यांना शक्य नव्हते. डावखुऱ्या वादकाच्या हाती सममित आकाराचे वाद्य विचित्र दिसणार नाही, हाही विचार त्यामागे होता. पुढे साऱ्या जगाने ज्या आवाजाचे अनुकरण केले, त्याच्या मुळाशी अशी काटकसर होती. हेच वाद्य १९७२ मध्ये चोरीस गेले आणि ते परत मिळाल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. स्वस्त म्हणून घेतलेल्या वस्तूचा शोध अर्धशतक चालावा, यातील विरोधाभास लक्षणीय आहे.

परवाना-व्यवस्था आणि मुंबईची वाट

भारतात १९५७ च्या परकीय चलन संकटानंतर आयात-नियंत्रण अधिक कडक झाले. यंत्रसामग्री आणि अन्नधान्य यांना प्राधान्य असलेल्या अर्थव्यवस्थेत विद्युत गिटार ही चैनीची वस्तू ठरणे स्वाभाविक होते. परिणामतः विदेशी बास गिटार भारतात आली ती बहुधा परदेशातून परतणाऱ्या नातेवाइकांच्या, जहाजावरील खलाशांच्या किंवा देश सोडून जाणाऱ्या विदेशी व्यक्तींच्या मार्फत. कलकत्त्यात देशी गिटारनिर्मिती वाढली. गिबटोन, गिवसन, हॉबनर ही नावे वाचली तरी ती कोणत्या विदेशी नावांची आठवण करून देण्यासाठी ठेवली गेली, हे सांगावे लागत नाही. या गिटारींना नाके मुरडण्याची प्रथा आहे. ती न्याय्य नाही, कारण देशातील कित्येक वादकांच्या बोटांना पहिले घट्टे याच गिटारींनी पाडले.

मुंबईला काही सोयी उपलब्ध होत्या. धोबीतलावचे फुर्टाडोज हे १८६५ पासूनचे वाद्यांचे दुकान, चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकून आलेले गोमंतकीय वादक आणि चित्रपटसृष्टीतील रोजगार यांमुळे पाश्चात्त्य वाद्य हे तेथे उपजीविकेचे साधन होऊ शकले. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांनी बास गिटार वाजविली. चरणजित सिंग हेही चित्रपटसंगीतातील बासवादक; १९८२ मधील त्यांच्या सिंथेसायझरवरील रागांच्या ध्वनिमुद्रिकेकडे जगाचे लक्ष फार उशिरा गेले. दुसऱ्या बाजूला इंग्रजी गाणी वाजविणारी तरुणांची पथके होती. एका सिगारेट कंपनीने पुरस्कृत केलेल्या 'सिमला बीट' स्पर्धेच्या १९७० व १९७१ च्या ध्वनिमुद्रिका हा त्या पिढीचा महत्त्वाचा दस्तऐवज होय. सिद्धार्थ भाटिया यांनी 'इंडिया सायकेडेलिक' (२०१४) या ग्रंथात या पिढीचा इतिहास मांडला आहे. १९८४ मध्ये मुंबईत स्थापन झालेले 'रॉक मशीन' (पुढे 'इंडस क्रीड') आणि १९८६ पासूनचा 'इंडिपेंडन्स रॉक' महोत्सव हे त्यापुढील टप्पे होत.

हा सारा इतिहास इंग्रजी शिक्षण आणि महानगर यांच्या कक्षेत घडला. मराठीत त्याची दखल फारशी घेतली गेली नाही, आणि त्या पथकांनीही मराठीची दखल क्वचितच घेतली.

खर्ज कोणाच्या हाती होता?

भोकरसारख्या गावात बास गिटार नव्हती, याचा अर्थ तेथे खर्ज नव्हता असा नाही. येथील संगीतात तो वेगळ्या हातांत होता. भजनात वीणेचा अखंड षड्ज, माहूरच्या रेणुकेच्या आराधी गीतांत चौंडक्याचा घुमणारा आवाज, ढोलकीची धूम, संबळाचे मोठे भांडे अशी त्याची विविध रूपे दिसतात. या सर्वांत एक समान सूत्र आहे : खालचा आवाज एक तर स्थिर राहतो किंवा लयीचे काम करतो. तो स्वतः चाल बदलत पुढे सरकत नाही. स्वरसंघातानुसार पावले टाकणारा खर्ज ही पाश्चात्त्य संगीताची गरज आहे. भजनाला किंवा लावणीला तिचे प्रयोजन नाही. लग्नाच्या बँडपथकात युफोनियमसारखे खालच्या पट्टीचे पितळी वाद्य आले, पण तेही बहुधा क्लॅरिनेटचीच चाल खालच्या सप्तकात वाजवीत राहिले. तेव्हा 'मराठवाड्यात रसिकता नव्हती म्हणून बास गिटार आली नाही' हे विधान तपासून पाहिले पाहिजे. गरजच वेगळी होती, हे उत्तर अधिक सयुक्तिक वाटते.

गरज निर्माण झाली ती हिंदी चित्रपटगीतांमुळे, आणि तीही अप्रत्यक्षपणे. बास गिटारच्या सर्वांत खालच्या मोकळ्या तारेची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ४१ इतकी असते. ट्रान्झिस्टरच्या तळहाताएवढ्या कर्ण्यातून हा आवाज मूळ रूपात येऊच शकत नाही. कानाला मिळतात ते त्याचे वरचे स्वरांश. लग्नमांडवात वा जत्रेत लावलेल्या भोंग्याची स्थिती त्याहून बिकट. माणसाचा आवाज दूरवर पोहोचविण्यासाठी घडविलेला भोंगा खर्ज जवळजवळ गाळूनच टाकतो. सत्तरच्या दशकात भोकरच्या श्रोत्याने ज्या गीतांवर प्रेम केले, त्यांतील बास गिटार त्याने बहुधा ऐकलीच नव्हती. मुंबईच्या ध्वनिमुद्रण कक्षात वाजलेला खर्ज मराठवाड्याच्या वाटेवर गळून पडत होता.

कॅसिओ आणि डीजे

गणेशोत्सव, नवरात्र आणि जयंती यांनिमित्त होणाऱ्या 'ऑर्केस्ट्रा' या प्रकाराने जिल्ह्याच्या व तालुक्याच्या ठिकाणी विद्युत वाद्ये नेली. तेथे बास गिटारला स्थान मिळण्याचा संभव होता. परंतु १९८० मध्ये कॅसिओ कंपनीने लहान आकाराचे विद्युत कीबोर्ड आणले आणि काही वर्षांतच मराठीत 'कॅसिओ' हे कोणत्याही कीबोर्डचे सामान्यनाम झाले. पुढील प्रकारांत डाव्या हाताने एक स्वरसंघात दाबताच ताल आणि खर्ज यंत्रच पुरवीत असे. पाच कलावंतांचे मानधन देताना मेटाकुटीस येणाऱ्या ऑर्केस्ट्राचालकास सहावा, आणि तोही फारसा ऐकू न येणारा वादक कशाला हवा? १९८५ च्या सुमारास आलेल्या ऑक्टोपॅडने उरलीसुरली पोकळी भरून काढली. छोट्या गावांतील बास गिटारच्या अभावाची चर्चा करताना रुचीपेक्षा हा हिशेब अधिक महत्त्वाचा मानावा लागेल.

याच परिसरात स्वस्त विद्युत तंतुवाद्य मात्र होते आणि ते लोकप्रियही होते. जपानमधील नागोया येथे १९१२ मध्ये निर्माण झालेल्या 'ताइशोगोतो' या वाद्याचे भारतीय रूप म्हणजे बुलबुलतरंग. महाराष्ट्रात त्यास 'बेंजो' म्हणतात. टंकलेखन यंत्रासारख्या कळा, धातूच्या तारा आणि स्थानिक कारागिराने बसविलेला विद्युत ध्वनिग्राहक एवढ्या सामग्रीवर मिरवणुकीतील बेंजो पथके उभी राहिली. अमेरिकेतील गॅरेजमधील तरुणांनी स्वस्त गिटारवर जे केले, तेच येथील तरुणांनी बेंजोवर केले, असे म्हणता येईल. फरक इतकाच की एकास संगीताच्या इतिहासात प्रकरण मिळाले, दुसऱ्यास पोलिसांचा वाद्य-परवाना मिळविण्यासाठी रांग.

त्यानंतर डीजे आला. मालवाहू वाहनावर रचलेल्या ध्वनिवर्धकांच्या भिंतींतून छातीत घुमणारा खर्ज प्रथमच गावाच्या रस्त्यावर उतरला, आणि 'बेस' हा शब्द तरुणांच्या बोलीत रूढ झाला. म्हणजे वाद्याच्या आधी त्याचा आवाज आला, तोही वादकाविना. ध्वनिप्रदूषण नियम, २००० लागू झाल्यानंतर या आवाजावर सातत्याने वाद होत आले आहेत. त्याच नियमांच्या काळात मुंबईतील रॉक संगीताचे माहेरघर मानले गेलेले रंगभवनही शांतता क्षेत्रात आल्याने मैफलींना पारखे झाले. दोन अत्यंत भिन्न श्रोतृवर्गांची कोंडी एकाच नियमाने व्हावी, हा योगायोग अभ्यासकांच्या नजरेतून सुटू नये. रुग्ण, विद्यार्थी आणि वृद्ध यांना होणारा त्रास खरा आहे. पण नियम लागू करताना कोणाचा आवाज 'संगीत' आणि कोणाचा 'गोंगाट' ठरतो, हाही प्रश्न तितकाच खरा आहे.

२००१ नंतर

१९९१ मध्ये कमाल सीमाशुल्क १५० टक्क्यांवर आणले गेले आणि १ एप्रिल २००१ रोजी आयातीवरील उर्वरित परिमाणात्मक निर्बंधही उठविण्यात आले. याच सुमारास जगातील स्वस्त गिटारनिर्मिती चीन व इंडोनेशियाकडे सरकली होती. दोन्हींचा परिणाम म्हणून आज नव्या बास गिटारची किंमत दहा ते पंधरा हजार रुपयांपासून सुरू होते आणि ती टपालाने तालुक्याच्या गावी येऊ शकते. वस्तू व सेवा कराच्या २०१७ च्या रचनेत हाताने बनविलेल्या देशी वाद्यांना करमाफी होती. इतर वाद्यांवर प्रथम २८ टक्के आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून १८ टक्के दर लागू झाला.

ही किंमत भोकरच्या मापाने मोजावयास हवी. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. बारा हजारांची बास म्हणजे सुमारे अडीच क्विंटल सोयाबीन, तेही हमीभाव प्रत्यक्षात पदरी पडल्यास. शिवाय एवढ्यावर वाद्य बोलत नाही. ध्वनिवर्धक, जोडतार, तारांचा जादा संच हे वेगळेच. बासच्या तारा महाग असल्याने जुन्या तारा उकळत्या पाण्यातून काढून त्यांचा मंदावलेला नाद काही दिवसांपुरता परत मिळविण्याची युक्ती जगभरच्या गरीब वादकांना ठाऊक आहे. त्यात मराठवाड्याचे हवामान : उन्हाळ्याचा कोरडा ताप आणि पावसाळ्याची दमट हवा यांत स्वस्त लाकडाची दांडी वाकते, तारा पडद्यांपासून वर उचलल्या जातात आणि बोटे दुखू लागतात. दांडीतील पोलादी सळई पाव फेरा फिरवून हा दोष सुधारता येतो. पण ते जाणणारा कारागीर नांदेडलाही शोधावा लागतो. मिरजेची वाद्यनिर्मिती सतार व तंबोऱ्यापुरती मर्यादित राहिली, आणि २०२४ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकनही त्याच दोन वाद्यांचे आहे. तिसरी अडचण विजेची. २००० नंतरच्या दशकात ग्रामीण महाराष्ट्राने सोसलेले दीर्घ भारनियमन आठवले, तर विजेवर अवलंबून असलेले वाद्य घेण्यास पालक का कचरत, याचा उलगडा होतो.

महाविद्यालये येथे काय करू शकली? १९९४ मध्ये स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरातील विद्यार्थ्यांना युवक महोत्सव हेच मुख्य व्यासपीठ आहे. आंतरविद्यापीठीय महोत्सवांच्या नियमांत पाश्चात्त्य समूहगीतास सहा गायक आणि तीन साथीदार अशी चौकट रूढ आहे. तीनच साथीदार म्हटले की कीबोर्ड, गिटार आणि तालवाद्य निवडले जाते. बास वगळली जाते. ऑर्केस्ट्राचालकाचा हिशेब नियमावलीच्या भाषेत येथे पुन्हा अवतरतो. वाद्य महाविद्यालयाच्या मालकीचे असेल तर एका विद्यार्थ्याच्या घरावरील भार हलका होतो. पण सांस्कृतिक विभागाच्या कपाटात तबला-पेटीच्या शेजारी बास गिटार ठेवण्याचा विचार अजून फारसा झालेला नाही.

दरम्यान रॉक संगीताची मराठी कक्षा विस्तारली आहे. मुंबईतील 'अभंग रिपोस्ट' या पथकाने संतांच्या अभंगांना बास आणि गिटारची जोड दिली, तर 'धम्म विंग्ज' या पथकाने बुद्ध-आंबेडकरी विचारांची गाणी रॉक संगीताच्या घाटात आणली. भोकर परिसराच्या दृष्टीने ही दोन्ही उदाहरणे महत्त्वाची आहेत. इंग्रजी गीतांची गोडी ही रॉक वाजविण्याची पूर्वअट त्यांनी मोडीत काढली. ज्या घरात भजन आहे किंवा ज्या वस्तीत भीमगीत आहे, तेथील मुलाला खर्जाची नवी वाट शोधण्यासाठी आपली भाषा सोडावी लागत नाही. मात्र ही गाणी तो बहुधा मोबाइलवर ऐकतो, आणि मोबाइलचा कर्णा ट्रान्झिस्टरच्या कर्ण्याहूनही लहान असतो. कानात श्रवणयंत्राच्या बोंड्या घातल्याशिवाय त्याला चौथ्या तारेचा स्वर ऐकू येत नाही.