सिगारपेटी, व्हिक्टोरियन : बेट्जमन घराण्याची घडण

राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीत (१८३७–१९०१) इंग्लंडमधील सुखवस्तू घरांत सिगार ठेवण्यासाठी वापरली जाणारी, कुलपाची लाकडी पेटी. राणीला धूम्रपानाचा तिटकारा होता. पण जेवण आटोपले की पुरुषमंडळींची सिगारची बैठक बसे, आणि पेटी तेव्हा समोर येई. दुकानातून सिगार ज्या खोक्यात येत ते साधे. ही पेटी म्हणजे छोटेखानी फर्निचरच.

बाहेरून तिला अक्रोडाच्या गाठाळ लाकडाचा किंवा कोरोमांडलचा पातळ पापुद्रा चिकटवीत. कोरोमांडल हे आबनुसाच्या कुळातले, काळ्या अंगावर तपकिरी रेषांचे लाकूड. नाव भारताच्या पूर्व किनाऱ्याचे. आतले अस्तर ‘स्पॅनिश सिडार’चे. त्याचे देवदाराशी काही नाते नाही. तो उष्ण अमेरिकेतला, महोगनीच्या कुळातला वृक्ष, आपल्या तुणीचा जवळचा भाऊबंद. त्याचा वास किडीला मानवत नाही आणि सिगारला मानवतो. आजच्या पेट्यांत आर्द्रता ६५–७० टक्क्यांच्या आसपास राखतात. जुन्या पेट्यांत बहुधा तशी सोय नसते, म्हणून त्यांत सिगार भरून ठेवले तर ते वाळतात.

लंडनच्या पेंटनव्हिल रोडवरील जॉर्ज बेट्जमन अँड सन्स ही या कामातली नामांकित पेढी. तिचे नाव झाले ते १८८१ साली पेटंट घेतलेल्या ‘टँटलस’मुळे. लाकडी चौकटीत मद्याच्या नक्षीदार काचेच्या सुरया उघड्यावर उभ्या, पण मानेवरून आडवी दांडी गेलेली. किल्लीवाचून एकही सुरई निघत नाही. मद्य दिसावे आणि नोकरांना मिळू नये, ही युक्ती. पाणी समोर असून तहानलेल्या, ग्रीक पुराणकथेतल्या राजाचे नाव तिला चपखल बसते. काही नमुन्यांत सुरयांच्या जोडीला सिगारचा खणही असतो. किल्ली फिरवली की दांडी सुटते आणि खण स्प्रिंगच्या जोराने आपसूक पुढे येतो. पितळी सजावट कधीकधी अंमळ जास्तच. खटका मात्र आजही चोख चालतो. या घराण्याची खरी कारागिरी लाकडापेक्षा खटक्यात आहे.

चौथ्या पिढीतल्या जॉनने (१९०६–८४) वडिलांचा धंदा नाकारून कविता धरली आणि १९७२ साली तो ब्रिटनचा राजकवी झाला. पहिल्या महायुद्धात आडनाव जर्मन वाटे, शाळेत ‘जर्मन हेर’ म्हणून चिडवीत. पुढे आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधला शेवटचा एक ‘न’ गळला. कारखान्याचे सल त्याच्या ‘समन्ड बाय बेल्स’ (१९६०) या पद्य-आत्मचरित्रात आहेत.

पेटी विकत घेताना नावाने फसू नये. कुलपावर ‘ब्रामा’ असेल तर ते कुलूप करणाऱ्याचे नाव. झाकणाच्या आत ‘अ‍ॅस्प्रे’ असेल तर बहुधा विकणाऱ्या दुकानाचे. टँटलसवर बेट्जमन यांची मोहोर शोधायची ती धातूच्या दांडीवर.