आर्डुइनो बोर्ड आणि अपयशी अपलोड : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

इटलीतील इव्रेया येथील इंटरॅक्शन डिझाइन संस्थेत २००५ साली आर्डुइनो बोर्डाचा उदय झाला. त्यातील बूटलोडर रीसेटनंतर काही क्षणच संगणकाच्या संदेशाची वाट पाहतो. आरंभीच्या बोर्डांवर रीसेटचे बटण हाताने दाबावे लागे. वेळ चुकली की अपलोड फसे. २००७ च्या 'दिएचिमिला' बोर्डात एका कपॅसिटरच्या साहाय्याने संगणकच रीसेट घडवू लागला. तथापि चुकीचे पोर्ट, बोर्डाची चुकीची निवड, केवळ वीज वाहणारी केबल किंवा ० व १ या पिनांना जोडलेले उपकरण यांमुळे हा संवाद पुढेही तुटत राहिला. वस्तुतः कंपायलेशन यशस्वी झाल्यावरच अपलोड सुरू होते. म्हणूनच विद्यार्थ्याच्या प्रोग्रॅमला दोष देण्यापूर्वी हे दुवे क्रमाने तपासणे न्याय्य ठरते.