मधुमतीचा मुलूख

माझा भाचा आखातात नोकरीला असतो. मागच्या सुट्टीत तो बायकोला घेऊन इटलीतल्या पालेर्मो शहरी तीन दिवस फिरून आला. फोटो दाखवताना म्हणाला, "मामू, राजवाड्यातलं चर्च ख्रिस्ती राजाचं, पण वरचं लाकडी छत पाहा, सगळं अरबी वळणाचं. नाहीतर आपलं बोईसर! स्टेशन, एमआयडीसी आणि अणुभट्टी." मी तेव्हा काही बोललो नाही. यंदा तो घरी येतो आहे आणि त्याच्या हाती दोनच दिवस आहेत. त्या दोन दिवसांचा बेत मी आखून ठेवला आहे.

बेताची सुरुवात त्याच्या पालेर्मोपासूनच करावी लागेल. सिसिली बेटावर अरबांचा अंमल होता. पालेर्मो त्यांनी ८३१ साली घेतले आणि १०७२ साली ते नॉर्मन ख्रिस्त्यांकडे गेले. पुढे राजा दुसरा रॉजर याने आपल्या दरबारी अल-इद्रीसी नावाचा मुसलमान भूगोलकार ठेवला. त्याने ११५४ साली जगाचे वर्णन करणारा ग्रंथ पुरा केला. इद्रीसी हिंदुस्थानात कधी आला नाही. खलाशांच्या आणि आधीच्या प्रवाशांच्या माहितीवरून त्याने लिहिले. तरी त्या ग्रंथात 'सैमूर' आहे, म्हणजे आपले चौल, आणि 'सिंदान' आहे. अरबांचे सिंदान म्हणजे आपले संजाण, असे अभ्यासक मानतात. भाच्याने ज्या गावात तिकीट काढून फोटो घेतले, तिथे आमच्या किनाऱ्याचे नाव पावणेनऊशे वर्षांपूर्वीच पोहोचले होते.

पहिल्या दिवशी सकाळी बोईसरहून रिक्षाने तारापूर. तारापूर म्हटले की लोकांना १९६९ साली सुरू झालेले अणुवीज केंद्रच आठवते. ते लांबूनच पाहायचे. गावातला किल्ला पोर्तुगीजांचा. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पाच्या फौजेने तो घेतला, त्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर पडले आणि मे महिन्यात वसईही पडली. किल्ल्याच्या आत खासगी वाडी आहे. तेव्हा परवानगी विचारूनच आत जायचे, नाही मिळाली तर तट बाहेरून पाहायचा. पारशी मोहल्ल्यातूनही एक फेरी मारू. इथल्या विकाजी मेहेरजी घराण्याने एकोणिसाव्या शतकात निजामाच्या राज्यात सावकारी केली आणि त्यांच्या नावाचा पेस्तनशाही रुपया औरंगाबादेत चालला. पण या सगळ्यासाठी मी भाच्याला नेत नाही. त्याला न्यायचे आहे ते खाडीपलीकडच्या चिंचणीला.

चिंचणीत सुरूच्या बनाखेरीज दाखवण्यासारखे काय, असे कुणीही विचारील. १९५५ साली या गावात जमिनीतून काही ताम्रपट निघाले. दिनेशचंद्र सरकार यांनी ते वाचून प्रसिद्ध केले. त्यातला एक शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा. तेव्हा राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र गादीवर होता. ताम्रपट संस्कृतात आहे. त्यात लिहिले आहे की, संयान मंडळ, म्हणजे संजाणचा मुलूख, दुसऱ्या कृष्णराजाने मधुमती नावाच्या ताजिकाकडे कारभारासाठी सोपवला. (हे नाव ऐकून भाच्याला १९५८ चा सिनेमा आठवणार, हे मी धरून चाललो आहे.) मधुमती म्हणजे मुहम्मद. ताजिक म्हणजे अरब. बापाचे नाव 'सहियारहार' असे कोरले आहे, ते मूळचे शहरियार असावे.

या मुहम्मदाने काय केले? आसपासची बंदरे ताब्यात घेऊन तिथे आपली माणसे नेमली. दोन नद्यांवर लोकांसाठी फुकट होडी ठेवली. संजाणात अन्नछत्र घातले, तिथे साळीचा भात, कालवण आणि तूप फुकट मिळे. आणि अन्नैय नावाच्या ब्राह्मणाने देवी भगवतीची मठिका बांधली होती, तिची डागडुजी आणि नैवेद्य चालावा म्हणून इंद्रराजाच्या परवानगीने एक गाव आणि काही जमीन दान दिली. ताम्रपट तेच सांगण्यासाठी कोरलेला आहे.

मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. "तुम्ही मूळचे कुठले?" हा प्रश्न मला गाडीत, कचेरीत, घर भाड्याने शोधताना कितीदा विचारला गेला आहे. विचारणारा नेहमीच वाईट हेतूने विचारतो असेही नाही. पण "इथलाच" हे उत्तर त्याला पुरत नाही.

तरीही भाच्यासमोर मधुमतीचा पीर करायचा नाही, हे मी स्वतःला बजावले आहे. तो अधिकारी होता. बंदर चालायचे तर व्यापारी हवेत, व्यापाऱ्यांना नदीपार जायला होडी हवी आणि गावातले ब्राह्मण आपल्या बाजूला हवेत, हे त्याला नक्की कळत असणार. शिवाय ताम्रपटात स्तुती असतेच. त्याचे इमान त्याच्या मनात काय म्हणत होते, ते तांब्यावर उतरलेले नाही. मला एवढे पुरते की राजाला हा माणूस नेमताना अडचण वाटली नाही आणि त्याला देवीच्या मठिकेला जमीन देताना.

आणि ही एका माणसाची लहर नव्हती. चिंचणीचाच आणखी एक ताम्रपट शके ९५६ चा, म्हणजे १०३४ चा. त्यात त्याच मठिकेला तेलाचा घाणा दिला आहे, आणि ज्यांना हे दान कळवले त्या गावच्या प्रतिष्ठितांत अल्लिय आणि मधुमत ही नावे आहेत. म्हणजे अली आणि मुहम्मद.

दुसरा दिवस संजाणचा. डहाणूपर्यंत लोकल, पुढे गुजरातकडची पॅसेंजर. १९६० पर्यंत हा भाग ठाणे जिल्ह्यातच होता. लोक तिथे १९२० चा पारशी स्तंभ पाहून परततात. मी भाच्याला वारोळी नदीकडे नेणार. २००२ ते २००४ या काळात इथे उत्खनन झाले, तेव्हा इराण-इराककडची झिलईदार भांडी आणि चिनी भांड्यांचे तुकडे निघाले. तिथेच त्याला दुसरी गोष्टही सांगायची आहे. १५९९ सालच्या 'किस्सा-ए-संजान' या पारशी काव्यात हेच गाव एका सुलतान महमूदच्या सैन्याने उद्ध्वस्त केल्याची हकीकत आहे, आणि पारशी तेव्हा हिंदू राजाच्या बाजूने लढले. पहिली गोष्ट सांगून ही दाबली, तर भाचा पुढे कुठेतरी ती वाचेल आणि माझ्या मधुमतीवरही विश्वास ठेवणार नाही.

पालेर्मोसारखे छत तिथे नाही. मठिकेचा दगड मला दाखवता येणार नाही, अन्नछत्राची जागाही नाही. डबा घरून न्यावा लागेल. बायकोला साळीचा भात आणि कालवण करायला सांगितले आहे. तूप मी आणतो.