उचल, पेशगी आणि कलम २३

मानवी तस्करी म्हटले की दिल्लीत राहणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र येते. जी. बी. रोडवरची यंत्रांची आणि नळांची दुकाने, त्यांच्या वरच्या मजल्यांवरचे कोठे, स्टेशनवर उतरलेली परप्रांतातली मुलगी, तिला फसवून आणणारा दलाल आणि शेवटी पोलिसांचा छापा. हे चित्र खोटे नाही. पण तस्करीविरुद्धच्या सरकारी प्रयत्नांचा इतिहास वाचत गेलो, तेव्हा मला याच शहराच्या वेशीवरची आणखी एक जागा सापडली. तिथे दलालाऐवजी ठेकेदार होता, कोठ्याऐवजी दगडाची खाण होती आणि फसवणूक एका शब्दात मावत होती. उत्तरेत त्याला ‘पेशगी’ म्हणतात. मी बीड जिल्ह्यातला. आमच्याकडे त्याला ‘उचल’ म्हणतात.

उचल म्हणजे काय हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्याआधी मुकादम आगाऊ पैसे देतो आणि नवरा-बायकोच्या जोडीचा, म्हणजे एका ‘कोयत्या’चा हंगाम त्या पैशाला बांधला जातो. तिला कायद्याने वेठबिगारी म्हणायचे की नाही, यावर अजूनही वाद चालतो. तो वाद नेमका कशावर अडतो, हे मला बीडमध्ये नाही, तर फरीदाबादच्या खाणींची कागदपत्रे वाचताना कळले.

सुरुवात राज्यघटनेपासून करायला हवी. माणसांचा व्यापार, बेगार आणि तशाच प्रकारची सक्तीची मजुरी या तिन्हींवर कलम २३ एकाच वाक्यात बंदी घालते. मसुद्यात हे कलम १७ व्या क्रमांकावर होते. ३ डिसेंबर १९४८ रोजी दिल्लीत घटना समितीपुढे त्यावर चर्चा झाली, तेव्हा देवदासींचा विषय निघाला आणि संस्थानांमधल्या बेगारीचाही. बाजारात विकली जाणारी बाई आणि पाटलाच्या वा जहागीरदाराच्या दारात फुकट राबणारा माणूस हे सदस्यांना एकाच कलमाचे विषय वाटत होते. मसुदा समितीच्या अध्यक्षांना तर बेगार पुस्तकातून शिकण्याची गरज नव्हती. महार वतन म्हणजे सरकारची आणि गावाची रात्रंदिवस चाकरी. ते मोडण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्येच मुंबई कायदे मंडळात विधेयक मांडले होते. त्याही आधी, १९१८ मध्ये, शाहू महाराजांनी कोल्हापुरात महार वतने खालसा केली होती.

घटनेने एका वाक्यात जोडलेल्या या गोष्टी पुढच्या कायद्यांनी मात्र वेगळ्या केल्या. भारताने १९५० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तस्करीविरोधी करारावर सही केली आणि त्यातून १९५६ चा स्त्रिया व मुलींच्या अनैतिक व्यापाराचा कायदा आला. १९८६ च्या दुरुस्तीनंतर त्याचे नाव बदलले आणि पोलिसी भाषेत तो ‘पिटा’ झाला. वेठबिगारीला मात्र आणखी वीस वर्षे थांबावे लागले. आणीबाणीत, वीस कलमी कार्यक्रमाच्या ओघात, ऑक्टोबर १९७५ मध्ये वटहुकूम निघाला आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा झाला. पहिला कायदा पोलिसांच्या हाती गेला, दुसरा जिल्हाधिकारी आणि प्रांताच्या कचेरीत. व्यापार म्हणजे बाईचा आणि वेठ म्हणजे सावकाराच्या शेतावरची, अशी विभागणी सरकारी फायलींत पक्की झाली. मजुरांची टोळी उचलून हजार मैलांवर नेणारा माणूस या दोन फायलींच्या मध्ये कुठेतरी राहिला.

त्याच्याकडे लक्ष गेले ते १९८२ मध्ये, एशियाडच्या निमित्ताने. स्टेडियम, उड्डाणपूल, खेळाडूंची वसाहत असे सारे नोव्हेंबरच्या आत उभे करायचे होते. राजस्थान, उत्तर प्रदेश आणि ओरिसातून मजूर आणले गेले. त्यांना आणणाऱ्याला इथे ‘जमादार’ म्हणत. रोजची किमान मजुरी ९ रुपये २५ पैसे होती. ठेकेदार ती जमादाराच्या हाती देई, जमादार प्रत्येकामागे एक रुपया कापून घेई आणि मजुराच्या हाती सव्वाआठ रुपये पडत. बायकांना सातच रुपये मिळत असल्याचीही तक्रार होती. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि १८ सप्टेंबर १९८२ रोजी, खेळ सुरू व्हायच्या दोन महिने आधी, न्या. पी. एन. भगवती आणि न्या. बहारुल इस्लाम यांनी निकाल दिला. किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणे म्हणजे कलम २३ मधली सक्तीची मजुरी, असे त्यांनी ठरवले. सक्ती चाबकाचीच असायला हवी असे नाही. भुकेपोटी माणसापुढे दुसरा मार्गच उरत नसेल, तर तीही सक्तीच. आणि ही कामे कुणा सावकाराची नव्हती. ती केंद्र सरकारची, दिल्ली विकास प्राधिकरणाची, नवी दिल्ली नगरपालिकेची होती.

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत दुसरे एक पत्र न्यायालयात पोहोचले होते. सूरजकुंडजवळच्या लक्कडपूरच्या बाजूला, दिल्ली आणि हरियाणाच्या सीमेवर, अरवलीच्या टेकड्या फोडून दिल्लीच्या बांधकामांना दगड आणि खडी पुरवली जाई. स्वामी अग्निवेश यांच्या बंधुआ मुक्ती मोर्चाने तिथली पाहणी केली आणि मजुरांच्या सह्या-अंगठ्यांची निवेदने जोडून २५ फेब्रुवारीला पत्र लिहिले. हे मजूर कुठून आले होते, त्या राज्यांची यादी निकालपत्रात आहे. मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश आणि राजस्थान यांच्याबरोबर त्यात महाराष्ट्राचेही नाव आहे. ते कोणत्या जिल्ह्यातून, कोणत्या मुकादमाबरोबर आले, हे निकालपत्र सांगत नाही. तेवढ्या एका उल्लेखापाशी मी मात्र बराच वेळ थांबलो होतो.

न्यायालयाने पत्रालाच याचिका मानले आणि दुसऱ्याच दिवशी दोन वकिलांना आयुक्त म्हणून खाणींवर पाठवले. श्वास घेणे कठीण व्हावे इतकी धूळ, नाल्याचे घाण पाणी, दगडावर दगड रचून वर गवत टाकलेल्या आणि आत उभेही राहता न येणाऱ्या झोपड्या, क्षयाचे रोगी आणि जाऊ न दिले जाणारे लोक, असा त्यांचा अहवाल होता. नंतर आयआयटीतले डॉ. पटवर्धन यांच्याकडे सविस्तर सामाजिक पाहणी सोपवली गेली. मजुरी कशी कापली जाते, हे तिथे उलगडत गेले. मजुरी ट्रकच्या हिशेबाने ठरे, पण सुरुंगाच्या दारूचा आणि भोके पाडण्याचा खर्च मजुराच्याच माथी पडे. खाणीचा पट्टा एकाचा, मजूर ठेकेदाराचे आणि दगड घेणारा तिसराच. जबाबदार कोण, हे विचारायला गेले की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवी.

हरियाणा सरकारने यावर जो बचाव केला, तो मला या साऱ्या प्रकरणाचा गाभा वाटतो. सरकारचे म्हणणे असे की हे लोक सक्तीची मजुरी करत असतीलही, पण ते ‘वेठबिगार’ ठरत नाहीत. कारण १९७६ च्या कायद्याप्रमाणे वेठबिगार तोच, ज्याने उचल किंवा तसाच काही मोबदला घेतला आहे आणि तो घेतल्याचे ज्याला सिद्ध करता येते. १६ डिसेंबर १९८३ च्या निकालात न्या. भगवतींनी हा युक्तिवाद फेटाळला. वही ठेकेदाराकडे असते, मजुराकडे कागद नसतो. मग त्याने पुरावा आणायचा कुठून? म्हणून त्यांनी उलट नियम घातला: सक्तीची मजुरी दिसली की तिच्यामागे उचल आहे असे गृहीत धरायचे आणि तसे नसेल तर ते मालकाने किंवा सरकारने सिद्ध करायचे. त्याबरोबर २१ निर्देश दिले गेले. प्रत्येक उपविभागात दक्षता समिती नेमावी, सुरुंगाचा खर्च मजुरीतून कापू नये, माणशी किमान दोन लिटर स्वच्छ पिण्याचे पाणी सावलीत ठेवावे. पाण्याची भांडी कुठे ठेवायची, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला लिहून द्यावे लागले. स्थानिक यंत्रणेचे वर्णन करायला याहून वेगळे काही लागत नाही.

इथपर्यंतची गोष्ट विजयाची म्हणून सांगितली जाते. कायद्याच्या विद्यार्थ्यांना ती जनहित याचिकेचा पाया म्हणून शिकवतात, आणि ते योग्यच आहे. पण याच खाणींची दुसरी फाइल क्वचितच उघडली जाते. १९८२ च्या मार्च महिन्यात, म्हणजे मुख्य निकालाच्या बऱ्याच आधी, फरीदाबादच्या खाणींतून सोडवलेल्या १३५ मजुरांना त्या वेळच्या मध्य प्रदेशातल्या, आताच्या छत्तीसगडमधल्या बिलासपूर भागात त्यांच्या गावी परत पाठवले गेले होते. पुनर्वसन करू, असे आश्वासनही त्यांना मिळाले होते. सहा महिन्यांनी ‘द स्टेट्समन’च्या वार्ताहर नीरजा चौधरी त्या गावांत गेल्या, तेव्हा त्यांना काहीही मिळालेले नव्हते. त्यांनी सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि १९८४ मध्ये त्यावर निकाल आला. पुनर्वसनाविना दिलेली सुटका माणसाला पुन्हा त्याच कर्जाकडे ढकलते, हे न्यायालयाने स्पष्ट म्हटले. मध्य प्रदेश सरकारने तिथेही, हे लोक वेठबिगार होते हेच आधी ठरायला हवे, असा मुद्दा काढला होता.

हरियाणाला मजूर वेठबिगार म्हणायचे नव्हते, कारण मग मालकांवर कारवाई करावी लागली असती. मध्य प्रदेशाला म्हणायचे नव्हते, कारण मग जमीन, बैल, पैसे द्यावे लागले असते. मजूर ज्या राज्यात राबतो आणि ज्या राज्यातून येतो, त्या दोन्हींचे हित त्याला ते नाव न देण्यात होते. दिल्लीच्या आसपासच्या वीटभट्ट्यांवरून आज सोडवलेल्या माणसालाही ते नाव प्रांताच्या सहीच्या मुक्ती प्रमाणपत्रातूनच मिळते आणि ते मिळवण्यातच त्याची निम्मी लढाई खर्च होते. २०१६ च्या केंद्रीय योजनेत प्रौढ पुरुषाला एक लाख, स्त्रिया व मुलांना दोन लाख आणि अतिशय क्रूर शोषण झालेल्यांना तीन लाख रुपये ठरवले आहेत. तातडीची मदत लगेच देता येते, पण पूर्ण रक्कम गुन्हा सिद्ध होण्याशी जोडलेली आहे. खटला चालतो हरियाणात, माणूस असतो छत्तीसगडमध्ये, आणि पुढचा हंगाम काही निकालासाठी थांबत नाही.

फौजदारी कायद्यातही हीच टाळाटाळ दिसते. १६ डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतर न्या. जे. एस. वर्मा समिती नेमली गेली. तिने तस्करीचाही सविस्तर विचार केला. तिच्या अहवालानंतर फेब्रुवारी २०१३ मध्ये निघालेल्या वटहुकुमात भारतीय दंड संहितेचे कलम ३७० नव्याने लिहिले गेले आणि ‘शोषण’ या शब्दाच्या स्पष्टीकरणात सक्तीच्या मजुरीचा थेट उल्लेख आला. काही आठवड्यांत संसदेने कायदा केला तेव्हा तो उल्लेख गळला. त्याजागी ‘शारीरिक शोषण’ असा सैल शब्द राहिला. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये भीक मागायला लावण्याची भर पडली आहे, सक्तीच्या मजुरीची नाही. दरम्यान तस्करीविरोधी पोलीस कक्ष झाले आणि झारखंडसारख्या राज्यांतून घरकामाला मुली आणणाऱ्या एजन्सींसाठी दिल्ली सरकारने २०१४ मध्ये नियमनाचा आदेश काढला. तस्करीवरचे सर्वंकष विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झाले, राज्यसभेत आलेच नाही आणि पुढच्या वर्षी लोकसभेच्या मुदतीबरोबर संपले. यातले बरेचसे प्रयत्न छाप्याच्या दिवसापर्यंत पोहोचतात. छाप्याच्या आधीचा आणि नंतरचा दिवस मात्र उचलीचा असतो.

हे १९७६ च्या कायद्याला ठाऊक होते, म्हणून मला तो आजही वाचावासा वाटतो. मुक्त झालेल्या माणसाला पुन्हा तसे कर्ज काढण्याची वेळच येऊ नये असे त्याचे आर्थिक हित जपावे, असे त्याचे कलम ११ जिल्हाधिकाऱ्याला सांगते. ग्रामीण बँका आणि सहकारी संस्थांकडून त्याला पुरेसे कर्ज मिळेल अशी व्यवस्था लावणे, हे कलम १४ प्रमाणे दक्षता समितीचे काम आहे. म्हणजे मुकादमाच्या जागी बँकेने उभे राहावे, असे कायदा करणाऱ्यांनी स्वच्छ लिहून ठेवले होते. दक्षता समितीच्या बैठका कागदावर होतात तिथेही या कामाचा हिशेब क्वचितच विचारला जातो.

फरीदाबाद आणि गुडगाव पट्ट्यातल्या अरवलीतली खाणकामे सर्वोच्च न्यायालयाने पुढे पर्यावरणाच्या कारणाने थांबवली. पहिली बंदी २००२ मध्ये आली आणि २००९ मध्ये ती आणखी कडक झाली. खोल खड्ड्यांमध्ये आता निळे पाणी साचले आहे आणि तरुण मुले तिथे फोटो काढायला जातात. टेकड्यांच्या संरक्षणासाठी खाणी बंद होऊ शकल्या, माणसांसाठी त्या नुसत्या सुधारायच्या होत्या. किती जणांना सोडवले, हा आकडा दरवर्षी संसदेत विचारला जातो आणि सरकार तो देतेही. त्यांतल्या किती जणांनी पुढच्या हंगामात पुन्हा उचल घेतली, हेही कुणीतरी विचारायला हवे. दिल्लीत विचारायला हवे आणि बीडमध्येही.